देवान्न आणि सारमेय : चॉकलेट कुत्र्यास कां बाधतें?

गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या उंबरठ्याआंत दोन नवे पाहुणे आले, आणि पाहतां पाहतां दोघेही घरचे होऊन बसले. एक कुत्रा व दुसरें चॉकलेट. कुत्रा आपणांस अपरिचित होता असें नव्हे. परंतु त्याची जागा अंगणांत, फार तर ओटीच्या पायरीशीं. वैश्वदेवाच्या बलिहरणांत कुत्रे, कावळे, कृमि-कीटक यांच्यासाठीं भूमीवर अन्न ठेवण्याचा विधि स्मृतिकारांनीं सांगितला आहे, आणि ज्या घरीं वैश्वदेव राहिला नाहीं त्या घरींही उरलीसुरली पोळी दारच्या कुत्र्यास घालण्याचा परिपाठ चालत आला. आतां तो कुत्रा दिवाणखान्यांत गालिच्यावर निजतो, त्यास नांव असतें, त्याचा वाढदिवसही होतो. चॉकलेटचें तेंच. पूर्वीं परगांवाहून येणारा एखादा मामा खिशांतून चार वड्या काढी आणि त्या मुलांत मोजून वाटल्या जात. आज वाढदिवसाचा केक चॉकलेटचा, दिवाळीच्या फराळाशेजारीं पेटी चॉकलेटची, आणि गणपतीच्या दिवसांत मिठाईच्या दुकानांत मोदकसुद्धां चॉकलेटचे मांडलेले दिसतात. एकाच छपराखालीं नांदूं लागल्यावर या दोघांची गांठ पडणें अपरिहार्यच होतें. ती गांठ किती घातक ठरते याची कल्पना पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांसही नसते. "कुत्र्याला चॉकलेट देऊं नये" एवढें वाक्य कानांवर आलेलें असतें. पण मांजर आडवें जाण्याच्या जातीचाच हाही एक समज असेल असें मानून तें सोडून दिलें जातें. म्हणून या विषयाचा जरा मुळापासून विचार करण्याचें योजिलें आहे.

मूळ म्हणजे अर्थातच नांव. कोकोच्या झाडास लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७५३ सालीं 'थिओब्रोमा' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत 'थिओस्' म्हणजे देव आणि 'ब्रोमा' म्हणजे अन्न. थिओब्रोमा म्हणजे देवान्न. 'थिओस्' आणि आपला 'देव' यांचें ध्वनिसाम्य पाहून तीं सख्खीं भावंडें असावींत असा मोह होतो, पण भाषाशास्त्रज्ञ तें मान्य करीत नाहींत. 'देव' शब्दाचा ग्रीक आप्त म्हणजे 'झ्यूस'. 'थिओस्'चें कुळ निराळें. उलट 'ब्रोमा' हा दिसण्यांत अगदीं परका शब्द आपला नातलग निघतो. त्याच्या मुळाशीं असलेला धातु आणि संस्कृतांतील 'गॄ' धातु, ज्याचें 'गिरति' हें रूप आपण पाठ केलें आणि जो मराठींत 'गिळणें' होऊन वावरतो, हे दोन्ही एकाच पूर्वजाचे वंशज होत. तेव्हां देवांनीं गिळावयाची वस्तु ती थिओब्रोमा असेंही म्हणतां येईल. आणि कुत्राही चॉकलेट खात नाहीं, गिळतोच; चव घोळविण्याइतका धीर त्याच्या ठिकाणीं नसतो, आणि वेष्टन सोडविण्याचा तर प्रश्नच नाहीं.

देवांचें अन्न आणि कुत्रा हा प्रसंग आपल्या वाङ्मयास नवा नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत अशी कथा आहे कीं, जनमेजय कुरुक्षेत्रीं दीर्घसत्र करीत असतां सरमा नामक देवशुनीचा पोर तेथें आला, आणि जनमेजयाच्या तिघां भावांनीं त्यास बडविलें. तो रडत आईकडे गेला. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं, तें चाटलेंही नाहीं, असें त्यानें सांगितलें. तेव्हां सरमा यज्ञमंडपांत आली आणि निरपराध्यास मारल्याबद्दल तुमच्यावर अदृष्ट भय कोसळेल असा तिनें शाप दिला. सरमेचा तो सारमेय. कुत्र्यास संस्कृतांत हें नांव त्यावरूनच मिळालें. आमच्या घरांतील सारमेय मात्र देवान्न खुशाल चाटतो, वर शाबासकीही मिळवितो, आणि अदृष्ट भय येतें तें त्याच्याच वांट्यास. अदृष्ट हा शब्द येथें अगदीं चपखल बसतो, कारण तें भय तत्काळ दिसत नाहीं. कित्येक तास दिसत नाहीं.

आमच्या वस्तींतील एका कुटुंबांत तीन वर्षांमागें घडलेली गोष्ट सांगतों. घर चांगलें शिकलेलें. आजी-आजोबा, दोन मुलगे, सुना, नातवंडें असा भरला परिवार. मोती नांवाचा सहा किलो वजनाचा पांढरा केसाळ कुत्रा सर्वांच्या लाडका. भाऊबीजेच्या सायंकाळीं कोणा पाहुण्यानें काळ्या चॉकलेटची शंभर ग्रॅमची मोठी वडी आणली. नऊ वर्षांच्या नातवानें तिचे दोन तुकडे खाल्ले आणि कडवट लागली म्हणून बाकीची तिपाईवर ठेवून दिली. आठाच्या सुमारास मंडळी जेवावयास बसलीं असतां मोतीनें ती फस्त केली. अकरा वाजतां त्यास वांति झाली. "बरें झालें, पडून गेलें, आतां झोपेल," असें आजोबा म्हणाले, आणि तसें वाटणें साहजिकच होतें. परंतु मोती झोपला नाहीं. रात्रभर तो या खोलींतून त्या खोलींत येरझारा घालीत होता, पाणी पीत होता, पुनःपुन्हां लघवी करीत होता. कोणी मिठाचें पाणी पाजण्याचें सुचविलें. तेंही पाजून झालें. पहाटे त्याचे पाय थरथरूं लागले, अंग तापलें, आणि छातीवर हात ठेविला तर ठोके मोजतां येईनात. दवाखाना उघडल्याबरोबर त्यास नेलें. डॉक्टरांनीं शर्थ केली, पण दुपारीं दोन वाजतां मोती गेला.

सायंकाळीं मी त्यांच्याकडे गेलों असतां नातू जवळ येऊन म्हणाला, "आजोबा, तेंच चॉकलेट मीसुद्धां खाल्लें होतें. मग मला कांहींच कसें झालें नाहीं?" वडील मंडळी गप्प होती. वडी तिपाईवर ठेवणारा आपणच, हें त्या मुलाच्या मनांतून जात नव्हतें, हें त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतें. प्रश्न मात्र नेमका होता, परीक्षेंत घालावा असा. त्याचें उत्तर दोन भागांत द्यावें लागतें: एक काळाचा, दुसरा मात्रेचा.

कोकोच्या बियांत एक कडू, स्फटिकरूप द्रव्य असतें. वॉस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञानें तें १८४१ सालीं शोधून काढलें, आणि झाडाच्या नांवावरून त्यास थिओब्रोमिन हें नांव पडलें. नांवांत ब्रोमिन असलें तरी द्रव्यांत ब्रोमिनचा एक अणुही नाहीं. ब्रोमिन हा शब्द दुर्गंधीवाचक अशा निराळ्याच ग्रीक शब्दापासून निघाला आहे. थिओब्रोमिनचें खरें गोत्र म्हणजे चहा-कॉफींतील कॅफीनचें. दोघांचा गाभा एकच, झँथिन नांवाचा. कॅफीनच्या अंगावर मिथाइलचे तीन गट चिकटलेले असतात, थिओब्रोमिनच्या अंगावर दोन. दम्यावर देण्यांत येणारें थिओफिलिन हें तिसरें भावंड. त्यावरही गट दोनच, पण एकाची जागा वेगळी.

हीं भावंडें शरीरांत काय करतात? आपण जागे असतां व श्रम करीत असतां शरीरांत ऍडिनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें. मेंदूंतील पेशी व हृदय यांवर त्याच्या ठराविक बैठका असतात. तेथें बसून तें 'सावकाश' अशी खूण करतें. झँथिनचीं पोरें त्याच बैठका बळकावतात. वर्गांत शांतता राखणाऱ्या मास्तरांच्या खुर्चीवर दुसराच कोणी येऊन बसावा, तसें हें आहे. तो स्वतः कांहीं करीत नाहीं. परंतु मास्तरांस बसावयास जागा उरत नाहीं, आणि वर्ग उधळतो. याखेरीज स्नायूंच्या पेशींत कॅल्शियमचें प्रमाण वाढून आकुंचन जोराचें होतें आणि मूत्रपिंडें अधिक लघवी सोडूं लागतात. (एके काळीं हृद्रोग्यांच्या अंगावरील सूज उतरविण्यासाठीं डॉक्टर थिओब्रोमिन औषध म्हणून देत, तें याच गुणामुळें.) कॉफीच्या पेल्यानें आपणांस जी तरतरी येते ती या गोंधळाची सौम्य पायरी होय. पायरी चढत गेली कीं हृदय धांवूं लागतें, त्याचा ठेका चुकतो, स्नायु थरथरतात, ताप चढतो आणि शेवटीं झटके येतात. मोतीची त्या रात्रींची एकूणएक हालचाल या क्रमांत बसते.

द्रव्य तेंच, हृदयाची व मेंदूची घडणही सर्वसाधारणपणें तीच. मग माणूस व कुत्रा यांत अंतर कोठें पडतें? तें पडतें यकृतांत. थिओब्रोमिनची मोडतोड करून तें बाहेर घालविण्याचें काम माणसाचें यकृत बरेंच लौकर उरकतें. रक्तांतील अंश निम्म्यावर येण्यास सुमारें सात-आठ तास पुरतात. कुत्र्यास त्याच कामास साडेसतरा तासांच्या आसपास लागतात. माणसाचे आठ तास धरले तर एका दिवसानंतर त्याच्या अंगांत मूळच्या अंशाचा आठवा हिस्सा उरतो. कुत्र्याच्या अंगांत त्याच वेळीं जवळजवळ दोन पंचमांश शिल्लक असतो. दुसऱ्या दिवशीं तेवढेंच पुन्हां दिलें तर नवें जुन्यावर चढतें. त्यांत आणखी एक विघ्न असें कीं, पित्तावाटे आंतड्यांत टाकलेला अंश आंतडें पुन्हां शोषून घेतें, आणि या वर्गांतील द्रव्यें मूत्राशयाच्या भिंतींतूनही रक्तांत परतूं शकतात. केर दारांतून बाहेर लोटावा आणि वाऱ्यानें तो मागल्या दारीं पुन्हां आंत यावा, अशांतला प्रकार. म्हणूनच दवाखान्यांत अशा कुत्र्यास वरचेवर लघवी करवितात किंवा नळी घालून मूत्राशय रिकामें ठेवतात.

हा झाला काळाचा भाग. मात्रेचा भाग त्रैराशिकानें सुटतो. पशुवैद्यकांत सामान्यतः असें धरतात कीं, कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागें २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटांत गेलें कीं वांति, जुलाब, तहान व अस्वस्थता दिसूं लागते. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयास धोका पोंचतो. ६० च्या पुढें झटके येतात. १०० ते २०० च्या दरम्यानची मात्रा निम्म्या कुत्र्यांचा प्राण घेणारी मानली आहे, परंतु त्याहून कमी मात्रेनेंही मृत्यु आलेले आहेत. आतां चॉकलेटकडे वळूं. पांढरें चॉकलेट म्हणून जें मिळतें त्यांत कोकोचें फक्त लोणी असतें, थिओब्रोमिन नाममात्र. दुधाच्या चॉकलेटांत दर ग्रॅमास सुमारें २ मिलिग्रॅम, काळ्यांत ५ आणि कोकोचा टक्का चढेल तसें त्याहूनही अधिक, केकसाठीं वापरण्याच्या बिनसाखरेच्या चॉकलेटांत १४ च्या आसपास, आणि डब्यांतील कोकोच्या भुकटींत २० किंवा त्याहून जास्त.

त्या मुलास मीं कागद-पेन्सिल आणावयास सांगितलें, आणि हिशेब त्यानेंच मांडला. मोतीनें खाल्लेलें चॉकलेट ९० ग्रॅम. गुणिले ५, म्हणजे ४५० मिलिग्रॅम. भागिले मोतीचें वजन ६. उत्तर दर किलोस ७५. त्यानें स्वतः खाल्लेले दोन तुकडे १० ग्रॅमचे, त्यांत ५० मिलिग्रॅम, त्याचें वजन २५ किलो, उत्तर २. एकीकडे पंचाहत्तर, दुसरीकडे दोन. आणि ते दोनही कुत्र्याच्या दुप्पट वेगानें उतरणारे. उत्तराखालीं रेघ ओढून तो बराच वेळ त्या दोन आंकड्यांकडे पाहत राहिला.

या हिशेबांत चॉकलेटच्या जातीस केवढें महत्त्व आहे हें लक्षांत येईल. दहा किलोच्या कुत्र्यास पहिल्या पायरीवर नेण्यास दुधाचें चॉकलेट १०० ग्रॅम लागेल, पण कोकोची भुकटी १० ग्रॅम पुरे. म्हणजे चपाट भरलेले दोन मोठे चमचे. जातींतील हा फरक तसा अलीकडचा आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेंतील लोक हजारों वर्षें कोकोचें कडू पेय पीत आले. खाण्याची वडी ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनीं १८४७ सालीं काढली, आणि तींत दूध मिसळण्याची युक्ति स्वित्झर्लंडांतील डॅनियल पीटरनें १८७५ सालीं साधली. आपल्याकडे कॅडबरी कंपनीनें मुंबईस १९४८ सालीं बस्तान बसविलें तें प्रायः याच दुधाळ चॉकलेटवर, आणि आजही कित्येक घरांत कोणत्याही चॉकलेटास 'कॅडबरी'च म्हणतात. दूध-साखर जितकी जास्त तितका कोको कमी व तितकें विष कमी. परंतु अलीकडे 'काळें चॉकलेट प्रकृतीस हितकर' अशी एक समजूत सुशिक्षितांत पसरली आहे, आणि मधुमेहाच्या व चरबीच्या धास्तीनें लोक सत्तर-ऐंशी टक्के कोकोच्या वड्या घरांत आणूं लागले आहेत. धन्याच्या पथ्याची वस्तु कुत्र्याच्या दृष्टीनें मात्र पूर्वींच्या गोड वडीपेक्षां अडीच-तीनपट उग्र असते.

"आमचा टॉमी तर रोज चॉकलेट खातो, त्यास कधीं कांहीं झालें नाहीं," असें सांगणारे गृहस्थ प्रत्येक आळींत भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नाहीं, अपुरा आहे. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरास दुधाच्या चॉकलेटचा पांच ग्रॅमचा तुकडा दिला तर त्याच्या वांट्यास दर किलोमागें एक तृतीयांश मिलिग्रॅम येतो; त्यानें काय होणार? पण या रोजच्या तुकड्यानें दुसरें एक काम होतें. कुत्र्यास गोड चव उत्तम कळते. ही वस्तु खाण्याची आहे, व ती अमुक कपाटांत अमुक कागदांत असते, हें शिक्षण त्यास मिळतें. पुढें एखाद्या दिवशीं घरांत कोणी नसतांना अख्खी पेटी हातीं लागते, आणि तीही काळ्या चॉकलेटची. रोजच्या तुकड्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या टॉमीच्या धन्यास त्या दिवसाचा हिशेब ठाऊक नसतो.

सणासुदीचा आणि या विषबाधेचा संबंध आंकड्यांनींही सिद्ध झाला आहे. लिव्हरपूल विद्यापीठांतील संशोधकांनीं ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासून २०१७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, नाताळाच्या दिवसांत चॉकलेट खाल्लेल्या कुत्र्यांचें प्रमाण एरवींच्या चौपट होतें आणि ईस्टरला दुप्पट. आमच्याकडे नाताळाच्या जागीं दिवाळी घाला. पेट्या त्याच आणि तिपाईही तीच. हें विष केवळ कुत्र्यासच भोंवतें असेंही नाहीं. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत २०१४ सालीं चार अस्वलें, दोन माद्या व दोन पिलें, एकाच जागीं मरून पडलेलीं सांपडलीं. शिकाऱ्यांनीं आमिष म्हणून ठेविलेलें चॉकलेट त्यांनीं खाल्लें होतें, आणि मृत्यूचें कारण थिओब्रोमिन हेंच ठरलें. शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतींत तर उत्तेजक म्हणून या द्रव्यास बंदीच आहे. कॉयोट हें कुत्र्याच्याच कुळांतील अमेरिकन जनावर. मेंढ्या मारणाऱ्या कॉयोटांचा बंदोबस्त करण्यास कोको व कॉफी यांतील याच द्रव्यांचें मिश्रण विष म्हणून उपयोगी पडेल काय, याचा अभ्यास तेथील शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केला. ज्या वस्तूचा विचार एके ठिकाणीं मारण्यासाठीं होतो तीच दुसरीकडे लाडानें भरविली जाते!

आतां प्रसंग ओढवलाच तर काय करावें हें सांगितलें पाहिजे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं अगदतंत्र हें एक संपूर्ण अंग विषांवरील उताऱ्यांसाठीं आहे. पण थिओब्रोमिनला अगद नाहीं. प्राचीन वा अर्वाचीन, कोणत्याही वैद्यकांत याचा नेमका उतारा सांपडलेला नाहीं. जें करावयाचें तें शरीरांत शोषलें जाण्यापूर्वीं बाहेर काढणें, आणि शोषलें गेल्यावर तें उतरेपर्यंत हृदय व मज्जा सांभाळणें एवढेंच. म्हणून वेळेस महत्त्व. लक्षणें बहुधा सहा ते बारा तासांत दिसतात. वांति त्याआधींही होते. लक्षणें दिसेपर्यंत थांबणें म्हणजे हातचा उत्तम काळ दवडणें होय. खाल्ल्यापासून एक-दोन तासांच्या आंत दवाखान्यांत पोंचल्यास डॉक्टर सुई टोंचून वांति करवितात आणि मग औषधी कोळसा पाजतात. हा कोळसा निराळ्या रीतीनें तयार केलेला असतो. चुलींतील अथवा शेगडींतील कोळसा कुटून पाजण्याचा उपद्व्याप कोणी करूं नये. उशीर झाला असेल तर शिरेवाटे पाणी, झटक्यांवर औषध, हृदयाचा ठेका आवरण्याचें औषध, असें चालतें. बाधा भारी असली तर तिचा अंमल तीन दिवसही राहतो. पण वेळीं उपचार झालेलीं बहुतेक कुत्रीं वांचतात.

आणि मिठाचें पाणी कदापि पाजूं नये. आपल्या घरोघरीं विषावर हा पहिला उपाय ठरून गेला आहे, आणि म्हणूनच तो अधिक भयंकर. पुष्कळसें मीठ पोटांत गेलें आणि वांति झाली नाहीं, किंवा अर्धवट झाली, तर रक्तांतील क्षार एकदम वाढून मेंदूस इजा होते, झटके येतात. म्हणजे एका विषावर दुसरें. मोहरीचें पाणी, तेल, तूप, दूध यांचाही उपयोग नाहीं. आपोआप वांति झाली म्हणून निश्चिंत होणेंही तितकेंच चुकीचें, कारण तोंवर किती अंश आंतड्यांत उतरला हें बाहेरून कळत नाहीं. थिओब्रोमिन फारसें नसलें तरी चॉकलेटांतील तुपट अंशानें स्वादुपिंडास सूज येऊन कुत्रा दोन-चार दिवसांनीं आजारी पडूं शकतो. पांढऱ्या चॉकलेटास निर्धोक म्हणतां येत नाहीं तें यासाठीं.

चॉकलेटच्या वडींत पुष्कळदां बेदाणे असतात, आणि द्राक्ष, मनुका, बेदाणा हीं सारींच कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक आहेत. त्यांतील टार्टारिक अम्ल हें त्याचें कारण असावें असा विचार २०२१ पासून पुढें आला आहे. मधुमेह्यांसाठीं विनासाखरेचें म्हणून विकलें जाणारें कांहीं चॉकलेट झायलिटॉलनें गोड केलेलें असतें. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील साखर अर्ध्या-पाऊण तासांत धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते आणि यकृतही बिघडूं शकतें. आणि चहाचा चोथा! चहा गाळून उरलेला गोड, दुधाळ चोथा झाडांच्या कुंड्यांत टाकण्याची चाल घरोघर आहे, आणि कुत्र्यास त्याचा वास आवडतो. त्यांत कॅफीन शिल्लक असतें, आणि कॅफीन कोणाचें भावंड हें वर आलेंच आहे. कोकोच्या टरफलांचें खत बागेंत पसरणाऱ्या हौशी मंडळींनींही हें ध्यानांत ठेवावें.

मांजराविषयीं कोणी विचारील. विष मांजरासही तितकेंच लागू आहे, पण मांजराच्या जातीस गोड चव कळतच नाहीं. ती ओळखणाऱ्या अवयवाच्या घडणीस लागणारें एक जनुक त्या जातींत निकामी झालेलें आहे, असें २००५ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें. त्यामुळें चॉकलेटच्या पेटीवरून मांजर निर्विकारपणें चालत जातें. बासुंदीच्या पातेल्यांत तें तोंड घालतें तेंही साखरेसाठीं नव्हे, दुधाच्या स्निग्धतेसाठीं.

दवाखान्यांत दूरध्वनि करतांना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुत्र्याचें वजन, खाल्ल्याची वेळ, आणि चॉकलेटची जात व तोल. पहिली गोष्ट कोणासच ठाऊक नसते. स्वतः कुत्र्यास उचलून काट्यावर उभें राहावें आणि त्यांतून आपलें वजन वजा करावें. तिसरीसाठीं वेष्टन फेकूं नये. चघळलेलें, फाटलेलें असलें तरी त्याचे तुकडे गोळा करून बरोबर न्यावेत. कोकोचा टक्का आणि वडीचें वजन त्यावर छापलेलें असतें, आणि कागदाचा किती भाग नाहींसा झाला आहे हेंही डॉक्टरांस त्यावरूनच समजतें.